निवेदनराव

तहसील कचेरीत सकाळी साडेअकराच्या सुमाराला आवक-जावक टेबलापाशी ज्यांचा आवाज चढलेला असतो, त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. पेन्शनच्या पासबुकावर असेल, रेशनकार्डावर असेल. बाकी सगळीकडे ते निवेदनराव. म्हणतात की, एक नायब तहसीलदार बदली होऊन निघाले तेव्हा त्यांनी नव्या साहेबांना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, प्रलंबित प्रकरणांची यादी दिली आणि खिडकीतून बोट दाखवून सांगितलं, "ते बाकावर बसलेत ना, ते निवेदनराव. त्यांचं रोजच्या रोज निकाली काढा, नाहीतर साठतं." तेव्हापासून प्रत्येक बदलीला चार्ज देताना हे नाव पुढच्याला सांगितलं जातं.

वय अडुसष्ट. नोकरी एसटीच्या डेपोत, रोखपालाच्या हाताखाली. कंडक्टरच्या हिशेबात आठ आणे जास्त आले तरी कमी आल्याइतकेच बेचैन होणारे जे लोक असतात, त्यांतले ते. निवृत्त झाल्यावर कुणी चारधामला जातं, कुणी नातवंडं सांभाळतं. निवेदनरावांनी लोकशाही पूर्णवेळ सांभाळायला घेतली. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. काळं मजकुरासाठी, निळं सहीसाठी. काळ्याने सही केली तर कागद झेरॉक्स वाटतो आणि साहेब मूळ प्रत मागतात, हा अनुभव. खांद्याला रेक्झिनची पिशवी. गावातल्या सगळ्या पक्षांच्या कार्यालयांत मिळून आंदोलनाचं जेवढं साहित्य सापडणार नाही तेवढं त्या पिशवीत आहे: कोरे कागद, कार्बन, स्टेपलर, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, काळ्या फिती, टाचण्या, सुतळी, शिट्टी, अंगठा उठवायला स्टँपपॅड, ओआरएसची पाकिटं आणि प्रभागाची मतदार यादी.

मी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर, म्हणजे निवेदनरावांच्या भाषेत 'संपादक'. त्यांच्या प्रेसनोटा माझ्याकडे येतात. त्यांत 'प्रचंड', 'विराट', 'हजारोंच्या संख्येने' हे शब्द आजवर आले नाहीत. 'एकेचाळीस नागरिक उपस्थित होते' असं असतं आणि एकेचाळीस सह्यांची यादी सोबत टाचलेली असते. आमच्या डेस्कवर कुणी सवयीने 'प्रचंड मोर्चा' करून टाकलं, की दुसऱ्या दिवशी खुलासा छापण्याबाबत निवेदन.

"अहो संपादक, तुम्ही आज एकेचाळीसाचे हजार केलेत. पुढच्या वेळी फौजदार हजारांचा बंदोबस्त मागवणार. पन्नास पोलीस उन्हात उभे राहणार, समोर आम्ही एकेचाळीस. तापलेला पोलीस आणि रिकामं मैदान हे चांगलं नाही."

त्यांचं निवेदन ही एक पाहण्यासारखी गोष्ट आहे. वर 'प्रति', मग 'मा.', मग 'विषय'. गटार उघडे असलेबाबत, डासांचा प्रादुर्भाव वाढलेबाबत, पूर्वीच्या निवेदनावर कार्यवाही न झालेबाबत. त्यानंतर 'संदर्भ'. संदर्भ क्रमांक एकला त्यांचंच मागचं निवेदन असतं आणि त्या निवेदनात त्याच्या मागचं. हे धरून मागे मागे गेलं तर माणूस १९९८ सालच्या एका बिघडलेल्या हातपंपापाशी पोहोचतो. मजकूर सगळा नम्र. शेवटी मात्र 'अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील'. या 'अन्यथा'पाशी त्यांचं अक्षर थोडं मोठं होतं. खाली प्रती माहितीसाठी सविनय सादर: जिल्हाधिकारी, प्रांत, मुख्याधिकारी, पोलीस निरीक्षक, आमदार, खासदार, पालकमंत्री आणि मी.

पण निवेदन देणं हे त्यांच्या लेखी निम्मंच काम. खरं काम पोच घेण्याचं. आपल्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही. "साहेबांनी स्वतः वाचलं, चहा पाजला, म्हणाले बघतो," असं कुणी आनंदाने सांगत आलं तर निवेदनराव फक्त हात पुढे करतात. "पोच?" चहा प्यायलेला माणूस तिथेच खजील होतो.

एकदा मी समोर होतो. पाणीटंचाईचं निवेदन होतं. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी शिक्का पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबला, तर कडेचं थोडंसं उमटलं.

"शाई संपलीय काका. मागणी केलीय, जिल्ह्याहून यायचीय. सोमवारी या."

दुसरा कुणी सोमवारी आला असता. निवेदनरावांनी पिशवीतून आपला स्टँपपॅड काढला, झाकण उघडून भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतःच्या रुमालाने शिक्क्याचं रबर पुसून दिलं. ठप्पकन शिक्का उठला. सरकारविरुद्धच्या कागदावर सरकारी शिक्का उठवायला शाई आंदोलकाची! एवढ्यावर ते थांबले नाहीत. मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांची टपालं त्याच पॅडवर उरकून घेतली, मग बाकावर बसून नवा कागद लिहिला. विषय: आवक विभागास स्टँपपॅड उपलब्ध करून देणेबाबत. त्याचीही पोच घेतली, आपल्याच शाईने.

आंदोलनाच्या पायऱ्या त्यांच्या ठरलेल्या आहेत. निवेदन, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, इशारा, काळ्या फिती, धरणं, साखळी उपोषण आणि अगदी शेवटी आमरण. मधली पायरी गाळायची नाही. मागे एका उन्हाळ्यात नळाला तीन आठवडे पाणी नव्हतं. गल्लीतली पोरं तापली. त्यातला एक मोबाईल परजत उठला.

"काका, मी टाकीवर चढतो. शोले स्टाईल. लाइव्ह करतो. दोन तासांत मुख्याधिकारी खाली हजर."

"हजर झाल्यावर मागणी काय सांगणार?"

"पाणी द्या!"

"किती टँकर? कुठल्या वॉर्डाला? कुठल्या वारी? हे सगळं वरून ओरडून सांगणार? आणि ते हो म्हणाले तर लेखी कोण घेणार, तू वर असताना?"

पोरगं हुशार होतं. "गांधीजी निवेदनं देत बसले असते तर स्वराज्य मिळालं असतं का?"

या प्रश्नाची निवेदनराव वाटच पाहत असतात. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. "दांडीला कधी निघाले? १२ मार्च १९३०. आणि २ मार्चला काय केलं? व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिलं. तक्रारी कळवल्या, ऐकलं नाहीत तर कायदा मोडणार हेही कळवलं. टपालाने नाही पाठवलं, एका इंग्रज तरुणाच्या हस्ते पाठवलं. व्हाइसरॉयच्या चिटणिसाचं उत्तर आलं, साहेबांना खेद वाटतो म्हणून. म्हणजे काय झालं?"

पोरगं बघत राहिलं.

"पोच मिळाली! मग निघाले."

पोरगं टाकीवर चढलं नाही. बायकांनी रिकाम्या घागरी आणून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मांडल्या आणि निवेदनराव प्रत्येक घागरीला सुतळीने नावाची चिठ्ठी बांधत बसले. त्या चिठ्ठ्यांमागे इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महागाई भडकली, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या आणि कधी मोर्चा न पाहिलेल्या घरोघरच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. निवेदनराव त्या वेळी गोरेगावला मावशीकडे शिकायला होते. मावशी मोर्चाला गेली ती शिसवी लाटणं घेऊन आणि परत आली ती बाभळीचं घेऊन. घोषणांच्या भरात कुणाशी तरी बदललं. साखरेच्या आणि रॉकेलच्या भावाबद्दल मावशी नंतर फारसं बोलली नाही, लाटण्याबद्दल मात्र जन्मभर बोलली. पुढच्या मोर्चाला ती गेली नाही.

"तेव्हाच मला कळलं," निवेदनराव सांगतात. "आंदोलन लाठीमाराने मोडत नाही हो. लाठी खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन येतो. चप्पल हरवलेला मात्र परत येत नाही."

ही त्यांची सगळी विचारसरणी. आम्ही वर्तमानपत्रवाले 'आंदोलन शांततेत पार पडले' असं छापून मोकळे होतो. त्या चार शब्दांसाठी निवेदनराव आदल्या रात्री अकरापर्यंत जागे असतात. पाण्याचे जार किती, सावली कुठून कुठे सरकते, रुग्णवाहिका आली तर वाट कुठली, बायकांना जवळचं स्वच्छतागृह कुठलं, घोषणा देताना अंगात येतं असा इसम कोण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुणाला बसवायचं, हे सगळं कागदावर असतं. त्यांच्या मते संतापलेली गर्दी आणि शिस्तीचं धरणं यांत फरक असतो तो फक्त पिण्याच्या पाण्याचा.

देशातल्या आंदोलनांचीही त्यांची प्रतवारी वेगळी आहे. भाषणं, गर्दी, पुढारी यांना गुण नाहीत. पहिला नंबर राजस्थानातल्या ब्यावरचा. तिथे १९९६ साली मजदूर किसान शक्ती संघटनेच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतली माणसं चाळीस दिवस धरणं धरून बसली. मागणी काय, तर पंचायतीची बिलं आणि मजुरांचे हजेरीपट यांच्या प्रती मिळाव्यात. "झेरॉक्ससाठी चाळीस दिवस!" हे सांगताना निवेदनरावांचा चष्मा घसरतो. ती मागणी पुढे राज्याराज्यांत पसरली. आपल्याकडे अण्णा हजारे त्यासाठी उपोषणाला बसले, राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला. दहा रुपयांचं तिकीट, जोडपत्र 'अ', तीस दिवस. ज्या देशात झेरॉक्सचा हक्क मागायला माणसं चाळीस दिवस उन्हात बसतात, त्या देशाचं भवितव्य उज्ज्वल आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

२०११ चा ऑगस्ट मात्र त्यांना मानवला नाही. दिल्लीत रामलीला मैदानावर लोकपालासाठी अण्णांचं उपोषण चाललं होतं आणि गावोगाव टोप्या आल्या होत्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात वॉर्डसभेला पाय लावला नव्हता ते डॉक्टर, सराफ, वकील, शिकवणीवाले सर सहकुटुंब चौकात मेणबत्त्या घेऊन उभे. निवेदनराव रजिस्टर घेऊन फिरू लागले. लोकांना फोटो हवा होता, सही करायला कुणी थांबेना.

"आपलं नाव?"

समोरचा टोपीकडे बोट दाखवून हसायचा. "लिहा की. मी अण्णा हजारे!"

निवेदनराव सरळ माणूस. नागरिक सांगेल ते नाव लिहायचं. त्या संध्याकाळच्या यादीत बावन्न अण्णा हजारे आहेत, त्यांतल्या एकोणीस महिला. ती यादी जिल्हाधिकाऱ्यांना देता येईना आणि फाडवतही नाही, म्हणून अजून फायलीत आहे. २८ ऑगस्टला उपोषण सुटलं, फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात निवेदनराव पत्र्याच्या तुकड्याने फरशीवरचं मेण खरवडत होते. पुढे २०१३ चा लोकपाल कायदा झाला, पहिले लोकपाल नेमले जायला मार्च २०१९ उजाडला. "मधल्या वर्षांत मी स्मरणपत्रं पाठवत होतो," ते सांगतात. "बावन्न अण्णांपैकी एकाने तरी पाकिटाला तिकीट द्यावं!"

२०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले, पहिला ९ ऑगस्टला औरंगाबादला. मग जिल्ह्यामागून जिल्हे. लाखो माणसं, पण घोषणा नाही, पुढाऱ्याचं भाषण नाही. मुली पुढे होऊन जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायच्या आणि मागून स्वयंसेवक रस्ता झाडत यायचे. आमच्या जिल्ह्याच्या मोर्चात निवेदनराव पाणी वाटत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "बघा संपादक, माणसांनी सगळं वगळलं. घोषणा वगळल्या, भाषण वगळलं, हारतुरे वगळले. निवेदन वगळता आलं का?"

आणि त्यांच्या मते ब्यावरच्या खालोखाल नंबर २०१८ च्या किसान लाँग मार्चचा. ६ मार्चला नाशिकहून निघून शेतकरी एकशेऐंशी किलोमीटर चालत मुंबईला आले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. पोरांना पेपरला जाताना खोळंबा नको म्हणून भेगाळलेल्या पायांनी ती माणसं सायनहून रातोरात आझाद मैदानावर पोहोचली. मुंबईकर रस्त्याच्या कडेला पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे राहिले. हे ऐकून कुणाचेही डोळे भरतात. निवेदनरावांचे भरले ते पुढच्या बातमीने: १२ मार्चला सरकारने आश्वासन लेखी दिलं. आश्वासनं पाळली नाहीत म्हणून शेतकऱ्यांना २०१९ ला पुन्हा निघावं लागलं आणि २०२३ लाही निघावं लागलं, हे मी निदर्शनास आणलं, तर ते दचकलेसुद्धा नाहीत. "मग? लेखी होतं म्हणूनच निघता आलं ना! तोंडी असतं तर कशाच्या संदर्भाने निघाले असते?"

स्वतः त्यांना चालणं जमत नाही, गुडघे गेलेत. उपोषण जमतं, असं ते म्हणतात. काकूंचं मत निराळं आहे. "घरात अकराच्या चहाला पाच मिनिटं उशीर झाला तर हात थरथरतात यांचे," त्या सांगतात. "आणि तिथे पाण्यावर तीन दिवस!" पण मंडपात निवेदनरावांचा शरीरधर्म बदलतो. सरकारी दवाखान्याची डॉक्टरीणबाई रक्तदाब बघायला येते, तिलाच ते मागच्या तीन दिवसांचे आकडे तोंडपाठ सांगतात. प्रश्न येतो तो उपोषण सोडताना. मोसंबीचा रस कुणाच्या हातचा घ्यायचा, याचे नियम आहेत. नळाच्या प्रश्नाला मुख्याधिकारी चालतात, जमिनीच्या प्रश्नाला तहसीलदार हवेत, पुनर्वसन असेल तर प्रांताच्या खाली रस घ्यायचा नाही. एकदा कनिष्ठ अभियंता ग्लास घेऊन आला, तर निवेदनरावांनी रस त्यालाच पाजला, बिचारा उन्हातून आला होता म्हणून, आणि उपोषण पुढे चालू ठेवलं.

डिसेंबरात ते नागपूरला जातात. हिवाळी अधिवेशनावर राज्यभरातले मोर्चे येतात. विधानभवनापासून लांब, टी-पॉइंटला कठड्यांपाशी ते अडवले जातात, मंत्री येतात किंवा पाच जणांचं शिष्टमंडळ आत बोलावतात. कुठल्याही संघटनेचा मोर्चा असो, चार पुढाऱ्यांबरोबर पाचवे निवेदनराव आत जातात, कारण कागद त्यांच्याकडे असतो. फोटोत ते नेहमी अर्धे येतात. एका वर्षी ते अंगणवाडी सेविकांबरोबर आत गेले आणि बाहेर येताना विनाअनुदानित शिक्षकांचंही निवेदन देऊन आले. शिक्षकांचा मोर्चा तोवर नागपुरात पोहोचायचा होता.

पोलीस ठाण्यात त्यांचा मान आहे. आंदोलनाआधी ठाण्यातून १४९ ची नोटीस यायची, तिची ते पोच देत. जमावबंदीचं १४४ त्यांना स्वतःच्या घर नंबराइतकं पाठ. जुलै २०२४ ला नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा नोटीस घेऊन आलेल्या हवालदाराला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "अहो, १४९ आता नाही. १६८ झालंय. आणि १४४ चं १६३. साहेबांना सांगा, नवी काढून पाठवा, मी घरीच आहे." नवी आली. त्यांनी निळ्या पेनाने सही केली.

त्यांची खरी कसोटी लागली ती दारूच्या दुकानावरून. काकूंच्या माहेरच्या गल्लीत शाळेकडे जायच्या वाटेवरच देशी दारूचं दुकान. एका संध्याकाळी बायका दगड घेऊनच निघाल्या. निवेदनराव आडवे झाले. नियम असा होता की, प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्यांच्या निम्म्या. बायकांनी दगड टाकले, पण निवेदनरावांना शिव्या घातल्या. महिनाभर ते यादी घेऊन दारोदार हिंडले. यादीतला अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा, मोबाईल. बाळंतपणाला माहेरी गेलेली, नाव लग्नाआधीचं राहिलेली, मयत, दुबार, प्रत्येकीपुढे शेरा. एका आजीबाईंना सहीच्या वेळी चष्मा सापडेना म्हणून ते तिथे दोनदा गेले. "मेल्या, एवढ्या वेळात दुकान जाळून झालं असतं," आजी म्हणाल्या.

पडताळणीच्या दिवशी दुकानवाल्याच्या वकिलाने आक्षेप घेतला की सह्या बनावट आहेत. निवेदनरावांनी रजिस्टर उघडलं. वकील नाव वाचायचा, निवेदनराव अनुक्रमांक सांगायचे आणि दारातून ती बाई "मीच ती" म्हणत आत यायची. असं तासभर चाललं. शेवटी वकिलानेच पाणी मागितलं. मतदान झालं, बाटली आडवी झाली, बायका गुलाल उधळत नाचल्या. काकू सर्वांत पुढे. निवेदनराव एका बाजूला फाईल धरून उभे, चेहरा उतरलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"फाईल बंद करावी लागणार," ते म्हणाले. मागणी मान्य झाली की त्यांना काय करावं सुचत नाही. चार दिवस घरात बसून होते. पाचव्या दिवशी आभाराचं निवेदन घेऊन कचेरीत आले आणि पोच घेतल्यावर जरा माणसात आले.

यंदा एक नवीनच झालं. कचेरीच्या आवारात आंदोलनांमुळे कामकाजाला अडथळा होतो म्हणून धरणी-उपोषणांसाठी गावाबाहेर गुरांच्या बाजाराशेजारची जागा नेमून दिली. मुंबईत आझाद मैदान आहे, दिल्लीत जंतरमंतर आहे, तसं आपल्यालाही हवं, असं साहेबांचं म्हणणं. निवेदनरावांनी रीतसर निवेदन दिलं: नियोजित आंदोलनस्थळी सावली, पाणी व स्वच्छतागृह उपलब्ध करून देणेबाबत. आणि चमत्कार झाला. चार महिन्यांत पत्र्याची शेड उभी राहिली, नळ आला, 'आंदोलन स्थळ' असा फलक लागला. उद्घाटनाला फीत, नारळ, भाषणं. शासनाविरुद्ध बसायला शासनाने बांधलेल्या शेडबद्दल शासनाचे आभार मानण्यात आले. निवेदनरावांचा सत्कार झाला. त्यांनी शाल घेतली आणि पंखे नसल्याचं निवेदन दिलं.

पहिलं धरणं घरकुलाचे हप्ते अडकलेल्यांचं. शेड उत्तम होती. वारा छान, नळाला पाणी. सकाळी बसले, संध्याकाळ झाली. निवेदन घ्यायला कुणी आलं नाही, विचारायला कुणी आलं नाही, मीही गेलो नाही, कारण वाटेत काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी निवेदनराव मला म्हणाले, "गैरसोय कसलीच नाही हो. आमची नाही, त्यांचीही नाही. तिथेच अडलंय."

पुढे महिन्याभराने एका सोमवारी अकरा वाजता कचेरीच्या फाटकासमोर सतरंजी पडली. पोलीस निरीक्षक स्वतः आले.

"काका, तुम्ही? विनापरवाना?"

"परवानगीचा अर्ज दिलाय साहेब. महिना झाला. पोच आहे."

"उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही."

"एवढंच लेखी द्या, आम्ही उठतो."

लेखी कोण देणार? महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे सगळ्यांना ताब्यात घेऊन गाडीत बसवलं. कुणी ढकललं नाही, कुणी ओरडलं नाही. निवेदनराव दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातात त्याच्या चपला देत होते. ठाण्यात गेल्यावर हवालदाराने नावं घेतली. यादीत तेवीस, डोकी चोवीस. पुन्हा मोजलं, पुन्हा चोवीस. शेवटी कोपऱ्यातला एक बारका माणूस उभा राहिला.

"मी त्यांच्यातला न्हाई साहेब. उत्पन्नाच्या दाखल्याला आलतो. चौथी खेप. पाय दुखले म्हणून सतरंजीवर टेकलो, तर गाडीत घातलं."

"मग जा बाबा घरी," हवालदार म्हणाला.

"थांबा," निवेदनराव म्हणाले. "अर्ज कधी दिला? पोच कुठाय?" आणि पिशवी उघडून बाकावर कागद ठेवला. तासाभराने सगळ्यांना सोडायची वेळ झाली तेव्हा दाखलेवाल्याचं निवेदन तयार होतं. तो घरी गेला नव्हता. रजिस्टरवर तेवीस लिहिलेलं पाहून निवेदनरावांनी तो आकडा चोवीस करून घेतला, दाखलेवाल्याला विचारूनच.

माणसं बाहेर पडली. हवालदाराने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काका, आमच्या क्वार्टरचं छत तीन पावसाळे गळतंय. पोरगी दहावीला आहे."

"अर्ज?"

"तोंडी सांगितलंय दोनदा."

निवेदनरावांनी दोन कागदांमध्ये कार्बन घातला, कडा जुळवल्या आणि काळं पेन काढलं.

"पूर्ण नाव आणि बक्कल नंबर सांगा."